नावं ठेवावीत अशी शाळा

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नावच घेईना. विहिरींनी तळ दाखवला, चारा महागला, आणि ज्याच्या गोठ्यात दोन गाई होत्या तो त्यातली एक विकायला काढू लागला. अशा दिवसांत गाईंच्या दलालाला मान वर करायला सवड नसते. उजाडायच्या आत माणसं दाराशी येऊन बसायची. कुणाला विकायची असायची, कुणाला घ्यायची असायची, आणि आपल्याला हा फसवणार याची दोघांनाही खात्री असायची. दलाल दोघांना चहा पाजायचा, दोघांच्या शिव्या खायचा आणि सौदा जुळवून द्यायचा.

दलाल म्हणून तो नावाजलेला होता. त्याचे दोन नियम होते. विकायला उभा असला की जनावराची खोड आधी सांगायची. लाथ मारते, दूध चोरते, पावसाला भिते, जे असेल ते. कुणी "खोड काय?" असं तोंडावर विचारलं, तर त्याने आजवर एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. बाजारात त्याच्या शब्दाला जी किंमत होती ती याच्यामुळे.

दुसरा नियम घ्यायला उभा असला तर. गाय मनात भरली की लगेच तोंड वाकडं करायचं. शिंगं बघा कशी, पाठ बघा कशी, ही काय गाय म्हणायची, असं म्हणून तिला नावं ठेवायची, म्हणजे विकणारा खाली येतो. आणि जी घ्यायचीच नाही तिचं मात्र तोंडभरून कौतुक करायचं. कौतुकाला पैसे पडत नाहीत, आणि माणूस दुखावत नाही.

तर या दलालाला एक मुलगी होती. जन्मली तेव्हा इतकी ओरडली होती, की बापाने तिथल्या तिथे तिचं नाव टिटवी ठेवलं, आणि खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. टिटवी सातवी पास झाली आणि नेमका त्याच वेळी गावातल्या शाळेचा आठवीचा वर्ग बंद झाला. शिकवणारे गुरुजी बदलून गेले होते, दुसरे आलेच नाहीत.

"शहरात तीन खासगी शाळा आहेत," दलालाची बायको म्हणाली. ती गाईखाली बसली होती. बादलीत धार वाजत होती आणि कपाळावरचा घाम ती खांद्याने पुसत होती. "त्यांना सुट्टी लागायच्या आत तिन्ही बघून या. बाजार काय, दर आठवड्याला भरतो."

"या महिन्यात जेवढ्या गाई फिरतील तेवढ्या पुढे वर्षभर फिरायच्या नाहीत," दलाल म्हणाला. तो लंगडणाऱ्या कालवडीचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता. "शाळा कुठे पळून चालली आहे?"

"शाळा नाही पळत. जागा पळतात."

"अगं, पैसे देणाऱ्याला जागा नाही असं कुठे असतं?"

टिटवी चारा कापायच्या कुट्टीच्या यंत्राचा दांडा फिरवत होती. ती म्हणाली, "बाबा, खूर चुकीचा धरलाय. लंगडते ती डाव्या पायाने, तुम्ही उजवा साफ करताय."

दलालाने पाहिलं. खरंच उजवा होता. "दिवसभर नुसती टिवटिव," तो म्हणाला आणि निमूटपणे डावा पाय उचलला.

तोंडाने असं म्हणाला, पण या टिवटिवीचं मोल त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षी शाळेत काही दिवसांसाठी बदलीवर एक मास्तर आले होते. टिटवीने त्यांची फळ्यावरची चूक दाखवली, म्हणून त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि दिवसभर व्हरांड्यात उभं केलं. त्या दिवसापासून पोरीने बोलणंच टाकलं. विचारलं तर हो नाहीतर नाही. घरात भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं, इतकी शांतता. दलालाने तिला बाजारात नेलं, नवी चप्पल घेतली, स्वतःहून चुकीचे हिशोब करून दाखवले. काही उपयोग नाही. पुढे एक दिवस ती आपली आपणच म्हणाली, "बाबा, सदरा उलटा घातलाय," तेव्हा दलाल गोठ्यात गेला आणि गाईच्या आडोशाला उभा राहून रडला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून शाळा बघायची तर त्याला एवढंच बघायचं होतं, की तिथे गेल्यावर ही पुन्हा मुकी होणार नाही ना.

शेवटी दलालाचा मेहुणा दूधगाडी घेऊन आला तेव्हा बापलेक तिच्यात चढले. मेहुणा रोज शहरात दूध पोहोचवायचा. त्याला शहरातलं सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"दाजी, पहिली हमरस्त्यावरची बघा," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "काचेची शाळा. आत गेलं की थंडगार. तिथली मुलं इंग्रजीतच शिंकतात."

"मामा, इंग्रजीत कसं शिंकतात?" टिटवीने विचारलं.

मेहुण्याने जरा विचार केला. "हळू," तो म्हणाला.

काचेची शाळा खरोखरच काचेची होती. दारात दलालाला आपणच समोरून येताना दिसलो, म्हणून तो वाट द्यायला बाजूला झाला, तर समोरचाही झाला. टिटवीने त्याला हाताला धरून आत नेलं. आत टाय लावलेला एक हसरा माणूस होता. त्याने गार पाणी दिलं, बसायला मऊ खुर्ची दिली आणि जो बोलायला लागला तो थांबेना. पोहायचा तलाव होणार होता, घोडे येणार होते, परदेशातले पाहुणे येऊन गेले होते.

मग त्याने वर्ग दाखवला. फळ्याच्या जागी काळी चकचकीत काच होती. फळा चांगला आहे का बघावा म्हणून दलालाने तिच्यावर अंगठा घासला, तर आतून एकदम सिंहाचं चित्र उघडलं आणि सिंहाने डरकाळी फोडली. दलाल मागच्या बाकावर जाऊन आदळला. टायवाला इतका सभ्य की हसला नाही. त्याने फक्त तोंडावर रुमाल धरला.

पुढे प्रयोगाची खोली आली. कपाटांना कुलपं होती, टेबलांवर प्लॅस्टिकचं आवरण होतं.

"इथे प्रयोग कधी करतात?" टिटवीने विचारलं.

"आमची प्रयोगशाळा अत्याधुनिक आहे सर," टायवाला दलालाला म्हणाला.

"पण करतात कधी?"

"सगळं साहित्य बाहेरून मागवलेलं आहे सर."

टिटवीने आणखी एकदा विचारलं. उत्तर पुन्हा दलालालाच मिळालं. मग तिने विचारायचं सोडलं आणि ती भिंतीकडे बघत चालू लागली. दलालाने ते पाहिलं आणि त्याचं मन तिथेच उठलं. विकायला आणताना काही लोक आदल्या संध्याकाळी गाईची धारच काढत नाहीत, म्हणजे सकाळी कास भरलेली दिसते. हीही तशीच तुंबवून आणलेली शाळा आहे, असं त्याने ठरवून टाकलं. कदाचित त्याचं चुकतही असेल. सिंहाचा राग त्यात थोडा मिसळला होताच.

पण घ्यायची नाही म्हटल्यावर कौतुक करणं आलं. "वा, काय शाळा आहे," तो दारात म्हणाला. "जन्मात अशी शाळा पाहिली नाही. इथल्या मुलांचं नशीबच मोठं." टायवाल्याने त्याचा फोन नंबर लिहून घेतला आणि गाडीपर्यंत सोडायला आला.

दुसरी शाळा शिस्तीची होती. तिच्या आवारात पाऊल टाकलं की आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच लागायचा. मुलं रांगेत चालत होती, रांगेत पाणी पीत होती. भरघोस मिशांचे मुख्याध्यापक वर्गात शिरले तशी सगळी मुलं एका झटक्यात उभी राहिली. दलालाला हे आवडलं. आपल्या गोठ्यातल्या गाई आपण शिरल्यावर अशा उभ्या राहिल्या तर काय बहार येईल, असं त्याच्या मनात आलं.

मुख्याध्यापकांनी टिटवीला नियम विचारला. वस्तू पाण्यात का तरंगते. टिटवीने तो घडाघडा म्हणून दाखवला आणि लगेच म्हणाली, "पण गुरुजी, मग माणूस मेल्यावर तरंगतो आणि जिवंत असताना बुडतो, ते कसं?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापकांनी नुसती मान वळवली, तसं ते हसू जिथल्या तिथे विरलं.

"बाळ," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्याकडे 'पण' चालत नाही."

टिटवीने ओठ मिटले. दलालाने ते मिटलेले ओठ पाहिले. "फार उत्तम," तो म्हणाला. "अशी शिस्त शोधून सापडायची नाही. मिशासुद्धा काय सुंदर ठेवल्यात." आणि मुलीला घेऊन तो जवळजवळ पळतच बाहेर आला.

दुपार टळायला आली होती. तिसरी शाळा बघायची गरज नाही, ती जुनाट आहे, असं मेहुण्याचं म्हणणं होतं. दुधाचे रिकामे कॅन धुवायचे होते, त्याला परत जायची घाई होती. पण टिटवी गाडीत काहीच बोलत नव्हती. दलालाला ती शांतता सोसेना. "चल, तीही बघू," तो म्हणाला.

ही शाळा लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत होती. वखारीतल्या करवतीचा आवाज आवारात ऐकू यायचा. बैठी इमारत, पुढे पत्र्याचा व्हरांडा, भिंतीवर ओलीचे मोठे डाग. आवारात एकच झाड होतं आणि त्या झाडाजवळ, भर उन्हात, दहा-बारा मुलंमुली आणि एक तरुण सर जमिनीला डोळे लावून बसले होते. सावलीवरून झाडाची उंची काढायचं चाललं होतं. सरांनी जमिनीत एक काठी रोवली होती, तिची सावली दोरीने मापली होती आणि उत्तर काढलं होतं. त्या उत्तराप्रमाणे झाड शाळेच्या छपरापेक्षा ठेंगणं होतं. झाड तर छपरावर ओणवं झालेलं दिसत होतं.

"सर, कुठेतरी चुकलंय तुमचं," एक मुलगी म्हणाली.

"चुकलंय खरं," सर डोकं खाजवत म्हणाले. "कुठे चुकलं सांगा बरं."

टिटवीने बापाचा हात सोडला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी ओळखत नव्हतं. ती सरळ त्या घोळक्यात शिरली, वाकली आणि म्हणाली, "काठी तिरकी आहे. अशी झुकलेली काठी धरली तर सावली लांब पडणारच."

"अरे हो," सर म्हणाले. "धर ती सरळ."

तू कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. टिटवीने काठी धरली, दुसरीने दोरी धरली, तिसऱ्याने सावली मापली, आणि मग अशी काय जुंपली, की दोरी झाडाच्या बुंध्यापासून धरायची की खोडाच्या मधून, यावर चौघं एकदम बोलत होते आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज टिटवीचा होता.

दलाल फाटकाशी उभा राहून ऐकत होता. हीच, तो मनात म्हणाला. हीच घ्यायची. इतकी मनापासून कुठलीच गोष्ट त्याने आजवर घ्यायची ठरवली नव्हती.

आणि त्याचं तोंड आपोआप वाकडं झालं.

मुख्याध्यापिका व्हरांड्यात बसून एका बाकाच्या डुगडुगत्या पायाला खिळा ठोकत होत्या. पांढरे केस, साडीचा पदर खोचलेला, तोंडात दोन खिळे. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. दलालाला पाहून त्यांनी खिळे तोंडातून काढले. "या. बोला."

"शाळा का ही?" दलाल म्हणाला.

"हो."

"मला वाटलं वखारीचं गोदाम आहे."

"पूर्वी होतं," बाई म्हणाल्या.

"तरीच. भिंतीला ओल आली आहे. पत्र्याखाली पोरं भाजून निघत असतील. मैदान तर दिसत नाही कुठे."

"मैदान नाहीच आहे."

"करवतीच्या आवाजात काय शिकणार पोरं? आणि तुमच्या त्या सरांना साधी काठी सरळ रोवता येत नाही."

"नाही येत," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे जागाही थोड्या आहेत. तुम्हाला पसंत नसेल तर शहरात आणखी दोन शाळा आहेत. चांगल्या आहेत." आणि त्यांनी दुसरा खिळा ठोकायला घेतला.

दलाल मनात खूश झाला. बाई पक्क्या दिसत होत्या, भाव सहजी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. अशा वेळी पाठ फिरवून चालू लागायचं असतं. चार पावलं गेलं की मागून हाक येतेच. "चला, आपल्याला नाही जमायचं," असं मोठ्याने म्हणून तो निघाला. टिटवीला त्याने घोळक्यातून ओढून काढलं. तो हळू चालला. मग आणखी हळू चालला. फाटकाशी आल्यावर वाकून चप्पल झटकली. नसलेला खडा काढला. मागून फक्त खिळा ठोकल्याचा आवाज येत होता.

"बाबा, कशाला थांबलात?" टिटवीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"बोलावतील," दलाल पुटपुटला. "आज नाही तर उद्या."

घरी बायकोने तोंड धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "कशी आहे?"

"मिळाल्यातच जमा आहे," दलाल मिशीत हसत म्हणाला. "तिसरी. मी अशी नावं ठेवली, अशी नावं ठेवली, की बाई रात्रभर झोपायच्या नाहीत."

बायकोला ऐकताना काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं राहून गेलं.

मग कामाचे दिवस सुरू झाले. बाजार भरले. दलाल उन्हातान्हात गाईंच्या पाठीवरून हात फिरवत हिंडला, दात बघून वय सांगितलं, भांडणं मिटवली. एका गाईने त्याच्या मांडीवर लाथ हाणली, तर तो दोन दिवस फेंगडा चालत होता. शेण काढणं, पाणी पाजणं, कुट्टी करणं, कशालाच खंड नव्हता. बोलावणं मात्र येत नव्हतं. काचेच्या शाळेतून रोज फोन यायचा. "सर, तुम्हाला आपली शाळा इतकी आवडली होती." शिस्तीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर निरोप पाठवला, की आपल्यासारखे जाणते पालक मिळणं कठीण, मुलीची जागा राखून ठेवली आहे.

टिटवी कामं करत होती, पण तिचं बोलणं दिवसागणिक कमी होत चाललं होतं. एकदा दलालाने मुद्दाम लंगड्या कालवडीच्या उजव्या पायाचा खूर धरला आणि वाट पाहिली. ती पाहून न पाहिल्यासारखं करून पुढे गेली. दलालाने धरलेला खूर सोडून दिला.

त्याच दिवशी मेहुणा बातमी घेऊन आला. "दाजी, वखारीमागच्या शाळेत जागा भरत आल्या. चौकशी केली मी. बाई म्हणाल्या, ते गृहस्थ? त्यांना आमची शाळा अजिबात पसंत पडली नाही, त्यांचं नाव मी धरलंच नाही."

दलाल गव्हाणीला टेकून खाली बसला. "पसंत नाही असं मी कधी म्हणालो?"

बायकोने धार काढायची थांबवली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळा उलगडा झाला. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही शाळेला गाय समजून नावं ठेवलीत?"

"घ्यायची म्हटल्यावर ठेवायचीच असतात."

"आणि नको असलेल्या शाळांचं कौतुक केलंत."

"मग काय, तोंडावर नको म्हणू? त्या मिशांना?"

मेहुणा हसून हसून कॅनवर बसला. दलालाच्या बायकोलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं, कारण टिटवी दारात उभी होती आणि तिला हसू आलेलं नव्हतं.

"तिथे तुम्ही घ्यायला गेला नव्हतात," बायको म्हणाली. "जागा थोड्या आणि मुलं फार. निवडणार त्या बाई. आपण दाखवायला गेलो होतो. हिला दाखवायला. उद्या मी पण येते. आणि तुम्ही तिथे चांगलं बोलायचं. शाळेबद्दलही आणि पोरीबद्दलही."

"पोरीबद्दल काय चांगलं बोलायचं?" दलालाने विचारलं. खोडसाळपणे नाही, खरोखरच विचारलं. आजवर त्याने तिच्याबद्दल कधी चांगलं बोलून पाहिलं नव्हतं. काळी आहे, काटकुळी आहे, टिवटिवते, असंच तो चारचौघांत सांगत आला होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दलालाने तो आयुष्यात पहिल्यांदा बुडवला. सकाळची धार काढून, गोठा लोटून, अंगावरचा शेणाचा वास जाईपर्यंत हातपाय घासून तिघं दूधगाडीत बसली. वाटभर दलाल ओठ हलवत पाठ करत होता.

बाई त्याच व्हरांड्यात होत्या. आज कागद तपासत होत्या. त्यांनी तिघांना बाकावर बसवलं. बाक आता डुगडुगत नव्हतं.

"शाळा फार चांगली आहे," दलाल बसता बसताच म्हणाला. "ओल वगैरे काही नाही. भिंत कोरडी ठणठणीत आहे."

बाईंनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. डाग होता तिथेच होता.

"आणि आमची मुलगी," दलाल घाम पुसत पुढे सुटला, "अंगाने बारीक दिसते, पण काटक आहे. खाण्याची तक्रार नाही, पुढ्यात टाकाल ते खाते. पहाटे उठते. दात एकसारखे आहेत. कुणाला लाथ..." इथे बायकोने त्याच्या सदऱ्याचं टोक मागून इतकं जोरात ओढलं, की त्याचं शेवटचं वाक्य घशात अडकलं.

बाईंच्या ओठांचे कोपरे हलले. "म्हणजे गुणीच आहे सगळी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "आणि खोड काय?"

बाईंनी आपल्या परीने साधा प्रश्न केला होता. घराघरांत पोरांबद्दल विचारतात तसा. पण दलालाला हा प्रश्न साधा नव्हता. या प्रश्नावर त्याने उभ्या जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, मग समोर घेणारा कितीही मोठा असो आणि नुकसान कितीही होवो. त्याने बायकोकडे पाहिलं. ती डोळ्यांनी विनवत होती. त्याने टिटवीकडे पाहिलं. मग तो बाकावर ताठ बसला.

"आहे," तो म्हणाला. "मोठा माणूस चुकला, तर तोंडावर चुकला म्हणते. गुरुजी असोत नाहीतर बाप असो. पटल्याशिवाय ऐकत नाही. 'पण' म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नाही. कुणाच्या घोळक्यात न बोलावता घुसते. मी खोटं बोललो की ओळखते, आणि लोकांदेखत सांगते." त्याने श्वास घेतला. "पुढे तुम्ही फसवलं म्हणू नका. असं आहे. घ्यायची तर हे धरून घ्या."

बायकोने डोळे मिटून घेतले. झालं, गेली शाळा, असं तिला वाटलं. दलालालाही तेच वाटलं. वखारीतली करवत तेवढी चालू होती.

"खरं आहे का हे?" बाईंनी टिटवीला विचारलं.

"खरं आहे," टिटवी म्हणाली. "पण दोन राहिल्या."

"त्या कुठल्या?"

"मला हरायला आवडत नाही. आणि कुणी सगळ्यांसमोर ओरडलं, की मी बोलणं बंद करते. मागच्या वर्षी केलं होतं. तेव्हा बाबा गोठ्यात जाऊन रडले होते."

दलालाने चमकून तिच्याकडे पाहिलं. हिने कधी पाहिलं, हे त्याला कळेना. तो खाली बघून हाताची नखं तपासू लागला.

बाईंनी चष्मा काढला. "आणि एक सांग. त्या दिवशी तुझे बाबा आमच्या शाळेला एवढी नावं का ठेवत होते?"

"त्यांना जे फार आवडतं, त्याला ते नावं ठेवतात," टिटवी म्हणाली. "नावडलं की वा वा करतात. त्या दोन शाळांना त्यांनी खूप वा वा केलं." मग तिने मान वर केली, आणि वर्गात पहिला नंबर आल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मला त्यांनी आजपर्यंत एकदाही चांगलं म्हटलेलं नाही."

बाई मोठ्याने हसल्या. दलालाच्या बायकोनेही डोळे उघडले आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. दलालाला मात्र धड हसताही येईना आणि बसताही येईना. इतकी वर्षं आपण काय बोलत होतो ते या पोरीला पहिल्यापासून बरोबर ऐकू येत होतं. त्याने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"पाठवा हिला," बाई म्हणाल्या. "शाळा उघडेल त्या दिवसापासून. आणि आम्ही ओरडणार नाही, हे मी सांभाळते. पण एक अट आहे. तिच्याबद्दल एक वाक्य चांगलं बोला. आत्ता. तिच्यासमोर."

दलालाने मुलीकडे पाहिलं. बोलायचं त्याच्या मनात पुष्कळ होतं. हुशार आहे म्हणावं, गुणाची आहे म्हणावं, ही नसली की घर खायला उठतं म्हणावं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बायको वाट पाहत होती, बाई वाट पाहत होत्या, आणि टिटवी तर डोळे मोठे करून त्याच्या ओठांकडेच बघत होती.

"फार बोलते हो," दलाल म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

टिटवीचा चेहरा असा उजळला, की बाईंनी आणखी काही मागितलं नाही.